अ‍ॅपवरचा वारा आणि आपल्या दारातला वारा

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय डोकं वर काढून बसला होता, वारा. कुणी सायकल चालवतं, कुणी गच्चीवर झाडं लावलीत, कुणाला फवारणी करायचीय, कुणाचं ड्रोन परत यायला तयार नाही, आणि सगळ्यांची कुरकुर थोड्याफार फरकाने तीच, अंदाज एक सांगतो आणि बाहेर भलतंच चालू असतं. म्हणून म्हटलं यावेळची सगळी जागा वाऱ्यालाच देऊन टाकू.

प्रश्न : मोबाईलवर वाऱ्याचा वेग १८ किमी दाखवतात आणि आमच्या दारात पानसुद्धा हलत नाही. कधी कधी बरोब्बर उलटं, अ‍ॅप म्हणतं शांत आणि इकडे दारं-खिडक्या आपटतात. हे अंदाज खोटे असतात का सरळ?

उत्तर : खोटे नसतात हो, पण ते तुमच्या दारासाठी काढलेलेच नसतात, गोची तिथे आहे. वारा मोजायची जगभर एक ठरलेली पद्धत आहे, मोकळं मैदान, जमिनीपासून १० मीटर उंची आणि १० मिनिटांची सरासरी (काही देश २ मिनिटांची घेतात, उंची मात्र तीच). अ‍ॅपच्या मागे अंदाज काढणारं जे कॉम्प्युटर मॉडेल असतं तेसुद्धा आकडा काढतं तो त्याच उंचीचा. आता १० मीटर म्हणजे तिमजली इमारतीची गच्ची झाली, आणि तुम्ही उभे आहात खाली दारात, समोर कंपाउंडची भिंत, बाजूला झाडं, पलीकडे शेजारचं घर. वारा जमिनीला घासत वाहतो, त्यामुळे जितकं खाली यावं तितका तो मंद होत जातो. अगदी सपाट, आखूड गवताच्या मैदानातसुद्धा २ मीटर उंचीवर वारा भरतो तो वरच्याच्या पाऊणपट, म्हणजे तुमच्या १८ चे तिथेच तेरा-चौदा झाले, मग वस्तीत शिरल्यावर त्यातले सहा-सात उरले तर त्यात अ‍ॅपचा काय दोष.

दुसरी भानगड चौकटीची. मॉडेल सगळ्या पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एक वारा देतं. अमेरिकेचं जीएफएस साधारण १३ किलोमीटरच्या चौकोनांवर चालतं, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ९ किलोमीटरच्या. त्या ९ किलोमीटरमध्ये टेकडी, तळं, गाव, जंगल जे काही येईल त्या सगळ्याची मिळून एकच जमीन धरली जाते. उभा कडा मॉडेलला दिसतो तो पसरट उंचवटा म्हणून, आणि किलोमीटरभर रुंदीची दरी तर त्याच्या खिजगणतीतच नसते. अ‍ॅपमध्ये घरावर बोट ठेवलं की लगेच आकडा येतो त्यामुळे आपल्याला वाटतं की हा आपल्या घराचा आकडा, पण तो आजूबाजूच्या चौकोनांवरून काढलेला मधला आकडा असतो, नकाशा बोटांनी कितीही मोठा केलात तरी माहिती तेवढीच राहते.

उलटं का होतं तेही ऐका. दोन इमारतींच्या मधली फट, टेकड्यांमधली खिंड, रस्ता जर वाऱ्याच्या दिशेत सरळ असेल तर तो रस्ता, अशा ठिकाणी वारा चेपला जातो आणि वेग वाढतो. उंच इमारतीचं तर विचारूच नका, वर आदळलेला वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि तळाच्या कोपऱ्यावरून सुसाट निघतो, म्हणून टॉवरच्या कोपऱ्यावर छत्री उलटी होते आणि वीस पावलं पुढे गेलं की काहीच नाही.

मग करायचं काय, तर दिशा बघायची. लोक फक्त वेग बघतात, दिशेकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि माझ्या मते स्वतःच्या जागेसाठी दिशा जास्त कामाची. उत्तरेचा २० असेल तर घरामागची इमारत तो अडवते आणि तुमच्याकडे सामसूम, पश्चिमेचा १२ असला तरी समोर मोकळं मैदान असल्यामुळे पडदे उडतात, असं प्रत्येक जागेचं आपलं गणित असतं आणि ते कुठल्याच अ‍ॅपला माहीत नसतं. थोडे दिवस अ‍ॅपवरची दिशा आणि वेग एका बाजूला, बाहेर काय दिसलं ते दुसऱ्या बाजूला असं वहीत लिहून ठेवा, आठ दिशांपैकी तुम्हाला त्रास देणाऱ्या दोनच निघतील.

बाहेर मोजायला यंत्र लागत नाही. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची एक पट्टी लिहून ठेवली, तेव्हा त्यात ताशी किती वगैरे काही नव्हतं, जहाजाला किती शिडं पेलवतील त्यावरून वारा ठरायचा. जमिनीवरच्या खुणा त्यात नंतर आल्या, १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन यांनी त्या बसवल्या, आणि त्या आजही चोख चालतात. चेहऱ्याला वारा लागतो आणि पानं सळसळतात, तेव्हा ६ ते ११ किमी. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, हलका झेंडा पसरतो, १२ ते १९. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले की २० ते २८. पानांनी भरलेली छोटी झाडं डोलली की ३० च्या वर गेलात असं धरा. मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री धरवत नाही तेव्हा ४० ते ५०. मात्र बघायचं ते उघड्यावरच्या झाडाकडे, दाराच्या आडोशातल्या तुळशीकडे बघून काही कळणार नाही.

प्रश्न : गच्चीवर कुंड्या आहेत, वर शेडनेट बांधलंय. अंदाजात वारा २२ आणि गस्ट ४८ असं लिहिलेलं असतं. नक्की कोणता आकडा खरा धरायचा?

उत्तर : दोन्ही खरे. २२ ही सरासरी झाली, आणि ४८ म्हणजे मधेच येणारा झोत, जो जेमतेम तीनेक सेकंदांचा मोजतात. जमिनीवर झोत सरासरीच्या साधारण दीडपट असणं हे नेहमीचं, दुपटीच्या पुढे गेला की समजायचं आज वारा धड नाही, वरचा वारा तुटक तुटक खाली येतोय. सायकल, चालणं, कपडे वाळणं याला सरासरी बघा. जे काही बांधलेलं, टांगलेलं, उभं केलेलं आहे त्याला फक्त झोत बघा, कारण दोरी तुटायला तीन सेकंद पुष्कळ झाले.

आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ताशी ३६ किमीचा वारा एक चौरस मीटरच्या सपाट फळीला साधारण सहा-सात किलो वजनाइतका ढकलतो. वेग दुप्पट झाला, ७२, की तेच पंचवीसच्या पुढे जातं. तुमचं शेडनेट समजा ३ बाय ४ मीटरचं आहे, बारा चौरस मीटर, हिशोब तुम्हीच करा. नेटमधून निम्मा वारा आरपार जातो म्हणून ते टिकतं तरी, त्याच जागी ताडपत्री असती तर ती शिडासारखी फुगली असती आणि खांब घेऊन गेली असती. अंदाजात झोत ५० च्या पुढे दिसला की नेट आदल्या संध्याकाळीच सोडून गुंडाळून ठेवा, वाऱ्यात उभं राहून गाठी सुटत नाहीत, सुटलं तरी टोक हातात राहत नाही.

झाडांच्या आडोशासाठी कठड्यावर पक्की पत्र्याची भिंत उभी करायचा विचार असेल (पुष्कळ जण करतात) तर नको. भरीव भिंतीमागे वारा थांबत नाही, वरून उडी मारून मागे गोल फिरतो आणि कुंड्या तिथेच पडतात. बांबूची चटई, जाळी, दाट झुडपं, ज्यातून निम्मा वारा जाऊ शकतो असं काहीही लावा, उंचीच्या दहापट अंतरापर्यंत त्याचा आडोसा मिळतो.

प्रश्न : पहाटे सायकलवर निघते तेव्हा पानही हलत नसतं, नऊ-साडेनऊला परत येताना समोरून असा वारा की जीव नको होतो. दरवेळी समोरूनच कसा येतो?

उत्तर : ताई, पहाटे वारा नसतो असं नाही, तो वर असतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड आणि जड होते आणि खाली बसून राहते. या थराच्या वर शे-दोनशे मीटरवर वारा छान वाहत असतो, कधी कधी तर दिवसापेक्षा जोरात, पण खालचा थर त्याला खाली येऊ देत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, गरम हवा वर जायला लागली की तो थर फुटतो आणि वरचा वारा खाली उतरतो, बहुतेक वेळा आठ ते दहाच्या दरम्यान, आणि उतरतो तो झोतांनीच. दुपारी दोन-चारपर्यंत चढता राहतो आणि सूर्य कलला की पडतो. त्यामुळे अंदाजात दिवसाचा एकच आकडा बघू नका, तासातासाचा तक्ता बघा, त्यात ही चढण स्वच्छ दिसते.

आता समोरूनच का. थोडा हिशोब करू. तुमचा बिनवाऱ्याचा वेग २० धरा, ३० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तीन तास. वारा असेल तर समजा जाताना २५ ने गेलात आणि येताना १५ ने आलात, म्हणजे जाताना ७२ मिनिटं आणि येताना १२० मिनिटं. मिळालेलं आणि गमावलेलं सारखं होत नाही, एकूण १२ मिनिटं जास्तच गेली, आणि मुख्य म्हणजे समोरच्या वाऱ्यात तुम्ही दोन तास होता आणि पाठीवरच्या वाऱ्यात सव्वाच तास. त्यात पाठीवरचा वारा जाणवत नाही, २० ने जाताना मागून १५ चा वारा असेल तर अंगाला फक्त ५ चा लागतो, माणसाला वाटतं आज आपले पाय जोरात आहेत. आणि बाजूचा वारासुद्धा ओढतोच. उपाय म्हणाल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, येताना तो पाठीवर घ्यायचा, आणि त्यासाठी पहाटेची नाही तर नऊची दिशा बघून रस्ता ठरवायचा, कारण थर फुटल्यावर दिशाही बदललेली असते.

प्रश्न : समुद्रकिनाऱ्यावर राहतो, संध्याकाळी पॅडलबोर्ड घेऊन पाण्यात जातो. अ‍ॅप दुपारभर ८-१० किमी दाखवतं आणि इकडे एक-दीडनंतर २५ चा वारा सुटतो. दुसऱ्या अ‍ॅपवरही तेच. असं का?

उत्तर : हे शाळेतले खारे वारे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. शाळेत तेवढ्यावर धडा संपतो, पण खरी मजा पुढे आहे. मोठ्या चौकोनांच्या मॉडेलमध्ये किनारा म्हणजे अर्धा चौकोन पाणी आणि अर्धा जमीन असा घोळ असतो, त्यामुळे तापमानातला फरक पातळ होतो आणि वारा कमी दाखवला जातो. तुमच्या भागासाठी २-३ किलोमीटर चौकोनांचं मॉडेल अ‍ॅपमध्ये असेल तर ते निवडा, ते हे वारे बऱ्यापैकी पकडतं.

नसेल तर आकाश वाचा. सकाळी आभाळ स्वच्छ हवं, कारण ढगाळ दिवशी जमीन तापतच नाही. सर्वसाधारण वारा मंद हवा, जमिनीकडून समुद्राकडे ताशी ४० चा वगैरे वाहत असेल तर खारा वारा किनाऱ्याला लागतच नाही. पहाटेचा जमिनीवरून येणारा मतलई वारा नऊ-दहाला पडतो, मग थोडा वेळ अगदी कुंद, घाम फुटतो, वाराच नाही. नंतर किनाऱ्यापासून आत काही किलोमीटरवर बारक्या कापसाच्या ढगांची रांग उभी राहते आणि पाण्यावर दूर एक गडद पट्टा दिसतो, तिथे लहरी उठलेल्या असतात म्हणून तो गडद. तो पट्टा जवळ सरकायला लागला की वाऱ्याची दिशा एकदम फिरते. पुढे दुपारभर ती हळूहळू सरकत राहते, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे, पृथ्वीच्या फिरण्यामुळे. सर्वसाधारण वाराही समुद्राकडूनच असेल तर दोन्हींची बेरीज होते, आणि तुमचे २५ बहुतेक असेच होत असणार.

पण खरं सांगू का, २५ च्या खाऱ्या वाऱ्याची मला काळजी नाही, तो तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतो. भीती आहे ती जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्याची. किनाऱ्यावर उभं राहून बघितलं तर पाणी आरशासारखं, कारण झाडंघरं आडोसा देतात आणि लाट उठायला अंतरच मिळालेलं नसतं, आत दोनशे-तीनशे मीटर गेलं की वारा दुप्पट आणि तो थेट खोल पाण्याकडे नेतो. नवखी माणसं वाहून जातात ती अशा दिवशी. पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसायला लागले की वारा ७ ते १० नॉटच्या (ताशी १३ ते १९ किमीच्या) आसपास आलाय असं समजायचं, आणि जमिनीचा वारा असेल तर ते तुरे किनाऱ्याजवळ नाही, लांब शोधायचे.

प्रश्न : फवारणीसाठी वारा अजिबात नसलेली वेळ निवडतो, सूर्यास्तानंतर एकदम शांत असतं. तरी शेजारच्या शेतातली पानं करपली. हे कसं?

उत्तर : शांत होतं म्हणूनच. वर सायकलच्या उत्तरात जो थंड थर सांगितला तो संध्याकाळी सूर्य बुडायच्या सुमारास तयार व्हायला लागतो. त्यात हवा वरखाली मिसळत नाही, औषधाचे अगदी बारीक थेंब खाली बसत नाहीत आणि वरही जात नाहीत, तरंगत राहतात आणि जमिनीचा जिकडे उतार असेल तिकडे त्या थंड हवेबरोबर हळूहळू सरकतात, कधी बरंच लांब. दिवसा हलका वारा असता तर तेच थेंब विरळ होऊन गेले असते. फवारणीला साधारण ५ ते १५ किमीचा, एकाच दिशेने वाहणारा वारा चांगला, आणि दिशा अशी की पलीकडे नाजूक पीक, पाणी, वस्ती नको. ओळखायचं कसं, तर थोडा धूर करून बघा. धूर वर जाऊन पसरला तर ठीक, थोडा वर जाऊन पट्ट्यासारखा आडवा लोंबत राहिला तर पंप खाली ठेवा. दव पडायला लागलं असेल, लांबचे आवाज जवळून आल्यासारखे ऐकू येत असतील तरी तेच.

प्रश्न : मी आठवीत आहे. वाऱ्याच्या नकाशावर काठीला पिसं लावल्यासारख्या खुणा असतात त्या कशा वाचायच्या? आणि पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेला जाणारा ना? पतंग उडवायला कोणता वारा चांगला?

उत्तर : नाही रे, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून आलेला. वारा जिथून येतो त्याचं नाव त्याला. आणि इथे एक गंमत आहे, अ‍ॅपवरचे बाण बहुतेक वेळा वारा जातो तिकडे तोंड करून असतात आणि आकड्याशेजारी लिहिलेली दिशा मात्र येण्याची असते, त्यामुळे मोठी माणसंही गोंधळतात. तुझ्या त्या काठीचं पिसांकडचं टोक म्हणजे वारा जिथून येतो ती बाजू. एक पूर्ण पीस १० नॉट, अर्धं पीस ५ नॉट, भरलेला त्रिकोण ५० नॉट. दोन पूर्ण आणि एक अर्धं म्हणजे २५, काठीच नाही आणि नुसतं गोल वर्तुळ असेल तर वारा नाही.

पतंगाला ताशी १० ते २५ किमीचा वारा पुष्कळ. पण जागा बघ. नदीतल्या मोठ्या दगडामागे पाणी कसं भोवरे घेतं, तसंच इमारतीच्या आणि झाडांच्या मागे वाऱ्याचं होतं, तिथे पतंग नुसता गोते खातो आणि तुला वाटतं कन्नी चुकली. वाऱ्याकडे पाठ करून उभा राहा आणि मागे वळून बघ, जे झाड किंवा घर मागे असेल त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब जा. विजेच्या तारा जवळ असतील तिथे उडवायचाच नाही, आणि ढग गडगडला की लगेच खाली.

प्रश्न : ड्रोनच्या माहितीत लिहिलंय १० मीटर प्रति सेकंद वाऱ्यापर्यंत चालेल. अंदाज होता ७ चा, तरी वर गेल्यावर परत येईना.

उत्तर : कारण ७ होता १० मीटरवरचा, आणि तुम्ही नेलंत शंभरेक मीटरवर. मोकळ्या जागी दिवसा १२० मीटरवरचा वारा १० मीटरवरच्यापेक्षा साधारण चाळीस टक्के जास्त असतो, म्हणजे ७ चे १० तिथेच झाले, झोत वेगळेच. पहाटे आणि रात्री फरक याहून मोठा असतो, खाली शून्य आणि वर १२ असंही होतं. विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये उंची बदलायची सोय असते, १०० मीटरचा वारा बघून घ्या. आणि ड्रोन आधी वाऱ्याच्या तोंडावर न्यायचं, बॅटरी भरलेली असताना. वाऱ्याबरोबर लांब गेलात की परत येताना त्याच्या वेगातून वारा वजा होतो, १४ ने उडणारं ड्रोन १० च्या वाऱ्यात ४ ने घरी येतं. अडकलंच तर खाली उतरवा, खाली वारा कमी.

प्रश्न : डोंगर चढताना पायथ्याला शांत आणि खिंडीत उडवून टाकणारा वारा, अंदाज दोन्हीकडे सारखाच.

उत्तर : खिंड म्हणजे फट, त्याचं वर झालंच. शिवाय माथ्यावरून जाताना हवेला वर चढून जावं लागतं, ती चेपते आणि वेग वाढतो. डोंगराचे स्वतःचे वारेही असतात, दिवसा तापलेल्या उतारावरून वर, रात्री थंड हवा उतारावरून खाली, हे अंदाजात धडपणे येत नाहीत. ट्रेकसाठी गावाचा नाही, माथ्याच्या उंचीचा वारा बघायचा. तंबू ठोकताना लक्षात ठेवा, रात्री थंड वारा ओढ्याच्या घळीतूनच खाली येतो.

प्रश्न : अंदाजात वारा १० होता. दुपारी काळा ढग आला, पाऊस आमच्याकडे पडलाही नाही, आणि पाच मिनिटं असा वारा सुटला की पत्रे उडाले. एवढं मोठं काही हवामानवाल्यांना दिसत नाही?

उत्तर : तो दिवस दिसतो, ती जागा आणि ती वेळ दिसत नाही. गडगडाटी ढगात पाऊस पडताना तो सोबत हवा ओढत आणतो, वाटेत काही थेंब सुकतात, सुकताना हवा गार होते, गार हवा जड, ती दणकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. ढग दहा-पंधरा किलोमीटर लांब असला तरी हा गार झोत तुमच्यापर्यंत येतो, पाऊस येत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान पडलं, त्याचा अभ्यास करताना हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या खाली आदळणाऱ्या हवेचं प्रकरण जगासमोर मांडलं, सुरुवातीला त्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. एवढीशी गोष्ट, दोन-चार किलोमीटरची आणि काही मिनिटांची, ९ किलोमीटरच्या चौकोनात मावणार कुठे.

म्हणून ज्या दिवशी अंदाजात गडगडाटाची खूण आहे त्या दिवशी वाऱ्याचा आकडा विसरा. त्या दिवशी रडारचं चित्र आणि आकाश बघायचं. उकाड्यात अचानक गार वारा लागला, ढगाखाली काळसर वळकटी किंवा धुळीची भिंत दिसली, की शिडीवर, गच्चीवर, पाण्यात, झाडाखाली जिथे असाल तिथून निघा, हातात काही मिनिटंच असतात.

प्रश्न : दोन अ‍ॅप दोन आकडे देतात. कोणतं चांगलं? आणि दहा दिवसांनंतरचा वारा बघून कार्यक्रमाचा मंडप ठरवावा का?

उत्तर : अ‍ॅप वेगळं म्हणजे अंदाज वेगळा असं नाही, आत मॉडेल कोणतं आहे ते बघा, चार अ‍ॅपच्या पोटात एकच जीएफएस असू शकतं आणि मग चौघांचं एकमत झालं म्हणून खूश व्हायचं कारण नाही. दोन वेगळी मॉडेल जुळत असतील तर भरवसा वाढतो, फाटत असतील तर त्या दिवसाचं कुणालाच नीट कळलेलं नाही एवढं तरी कळलं. मॉडेल दिवसातून चारदा नव्याने चालतं, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा अंदाज वेगळा दिसला तर ती लबाडी नाही, नवीन मोजमापं आत गेली. शिवाय तेच मॉडेल सुरुवात जराशी बदलून पन्नासेक वेळा चालवतात, पहिले दोन-तीन दिवस सगळी उत्तरं जवळजवळ असतात, आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत दाही दिशांना पांगतात. तेव्हा दहा दिवसांनंतर मंगळवारी चार वाजता वारा २३ असं अ‍ॅप म्हणालं तरी ते मनावर घेऊ नका. मंडप झोतांना टिकेल असा बांधायला सांगा आणि अंदाज बघा तीन दिवस आधीपासून, कनाती सोडायच्या की ठेवायच्या ते ठरवायला.

प्रश्न : नॉट, मीटर प्रति सेकंद, किलोमीटर, काही तोंडी हिशोब आहे का?

उत्तर : मीटर प्रति सेकंदची दुप्पट केली की नॉट आले, आणि नॉटची दुप्पट करून थोडे कमी केले की किलोमीटर. अचूक हवं तर १ नॉट म्हणजे १.८५२ किमी आणि १ मीटर प्रति सेकंद म्हणजे ३.६ किमी. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकदा बघून घ्या कोणतं एकक चालू आहे, मागच्या महिन्यात आलेल्या दोन तक्रारी निव्वळ तेवढ्याच होत्या, वारा १५ म्हणून निघालेले लोक १५ मीटर प्रति सेकंदात, म्हणजे ताशी ५४ किमीच्या वाऱ्यात सापडले.